ख्रिस्ती कीर्तन

येशू ख्रिस्ताचे चरित्र व शिकवण मराठी कीर्तनाच्या घाटात, गायन आणि निरूपणातून सांगण्याची महाराष्ट्रातील प्रथा. चर्चमध्येही असे कीर्तन होते. तरी ज्यांच्या कानी सुवार्ता गेलेली नाही त्यांच्यापुढे ती मांडणे हा या प्रथेचा मूळ हेतू. उगम अहमदनगर (आता अहिल्यानगर) परिसरातला. तेथे १८३१ पासून काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळींतील कवी कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी १८६२ च्या सुमारास ही प्रथा सुरू केली, असे मानले जाते.

तोवर धर्मप्रसाराचा गाजलेला मार्ग होता वादाचा. १८३० नंतर स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन आणि मुंबईतील शास्त्रीपंडित यांच्यात जाहीर वाद झडले. मोरभट्ट दांडेकरांनी १८३१ मध्ये ख्रिस्ती मताच्या खंडनाचे पुस्तकच लिहिले. पुढे १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी आठवड्यामागून आठवडे झुंजले. या वादांनी गर्दी जमली, छापखान्यांना काम मिळाले, दोन्ही बाजूंचे अभ्यासही वाढले. मन मात्र क्वचितच पालटले. वादात हरलेला माणूस दुखावतो, आणि दुखावलेल्या माणसाला शुभवर्तमान शुभ वाटत नाही. कीर्तनाला माणूस आपल्या पायांनी येतो, पटेल तेवढे घेतो, वाटेल तेव्हा उठून जातो. कोणी त्याला उत्तर मागत नाही.

या विचाराला जुना पूर्वज आहे. इंग्लंडातून १५७९ मध्ये गोव्यात आलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये छापले गेले. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना पूर्वीची पुराणे सुटल्याची हुरहुर होती. ती ओळखून स्टीफन्सांनी बायबलची कथा पुराणाच्याच चालीने सांगितली. परक्या भाषेवर एवढे प्रेम केल्यावाचून असे काम होत नाही.

कीर्तनाची मांडणी नारदीय परंपरेचीच. नमन, मग पूर्वरंगात एखादा अभंग किंवा वचन घेऊन निरूपण, मध्ये भजन, उत्तररंगात आख्यान, शेवटी प्रार्थना व आरती. साथीला पेटी, तबला, टाळ किंवा झांज. रचना ओवी, अभंग, साकी, दिंडी, आर्या अशा ओळखीच्या छंदांत. आख्यानाला बायबलमधील योसेफ, रूथ, दानीएल यांच्या कथा घेता येतात. पण कीर्तनासाठीच जणू घडलेले आख्यान म्हणजे लूककृत शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा दाखला.

धाकटा मुलगा बापाच्या हयातीत वाटणी मागतो. एवढे वाक्य उच्चारले की मराठी खेड्यातला श्रोता सावरून बसतो. बाप जिवंत असताना वाटणी मागणे म्हणजे काय, हे त्याला समजावून द्यावे लागत नाही. पुढे परदेश, उधळपट्टी, दुष्काळ, डुकरांपुढच्या शेंगांवर गेलेले मन. मग परतीची वाट. येथे कीर्तनकार लय धिमी करतो, कारण पुढचा क्षण सगळ्या कथेचा प्राण आहे: म्हातारा बाप मुलाला दुरून पाहतो आणि धावत सुटतो. घरंदाज वडीलधारा माणूस धावत नसतो. प्रतिष्ठा बाजूला ठेवून धावणारा बाप हा देव, हे सांगायला मग वेगळ्या सिद्धांताची गरज उरत नाही. थोरला भाऊ मात्र रागाने अंगणातच उभा राहतो. बाप बाहेर येऊन त्याचीही विनवणी करतो. तो आत गेला की नाही, हे मूळ दाखल्यात सांगितलेले नाही. जाणता कीर्तनकारही सांगत नाही.

या प्रथेला काव्याची श्रीमंती दिली ती नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना बायबलचा नवा करार दिला. त्यातील येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने ते भारावले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्यांची अभंगरचना ही त्या पुलाची पुढची कमान. १९१७ मध्ये मिशनचे काम सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना जागा होती. विश्वास सांगणारा माणूस ऐकणाऱ्याच्या किती जवळ जाऊन बसू शकतो, याचे याहून धीट उदाहरण मराठीत नाही. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रपर काव्य त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे नेले.

प्रथेवर आक्षेप दोन्हीकडून आले. चर्चमधील काहींना हा घाट हिंदू वाटला. बाहेरच्या काहींना तो आमिष वाटला. दुसरा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. कीर्तनकार हिंदू असल्याचे भासवू लागला, किंवा कथेमागून मदतीचे आश्वासन आले, तर तो आक्षेप खराच ठरतो. राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने धर्मप्रसाराचा हक्क दिला आहे. दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात दिला. आपला विश्वास मांडून निर्णय ऐकणाऱ्यावर सोडणाऱ्या कीर्तनाला या मर्यादेत राहणे जड जात नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही थोडे कमी आहेत. शेजारीपाजारी बहुतेक अन्य धर्मीय, त्यामुळे नाताळातले कीर्तन मांडवात झाले की शेजारही ऐकायला बसू शकतो. ओळखीच्या घरचा सण म्हणून आलेल्या या श्रोत्याला टाळाचा ठेका आधीच येत असतो. ऐकून झाल्यावर तो कीर्तनकाराला काही विचारतो, किंवा काहीच न विचारता घरी जातो.