‘गोदावरी’ या जुन्या नावाची कोकणातील पार्श्वभूमी

कोकणातील जुन्या घराण्यांत पणजी-खापरपणजीची नावे काढू लागले की गोदावरी हे नाव पुष्कळदा निघते; रोजच्या बोलण्यात त्याचे गोदा, गोदी, गोदू असे झालेले असते. ही नदी मात्र कोकणातून वाहत नाही. ब्रह्मगिरीवर उगम पावून ती पूर्वेकडे 1465 किलोमीटर जाते, आणि त्याच त्र्यंबकच्या डोंगरांतून पश्चिमेला उतरून कोकणात समुद्राला मिळते ती वैतरणा. मुलीचे नाव वैतरणा ठेवल्याचे ऐकिवात नाही, कारण त्या उच्चारासरशी यमलोकाच्या वाटेवरची वैतरणी आठवते. वाशिष्ठी, काजवी, जगबुडी याही घरच्याच नद्या, पण बारशाच्या पाळण्यापर्यंत त्या पोहोचल्या नाहीत. गोदावरी पोहोचली ती तीर्थ म्हणून. ‘गंगे च यमुने चैव गोदावरि सरस्वति’ हा श्लोक म्हणत विहिरीचे पाणी अंगावर घेणाऱ्या घरांत हे नाव रोज पहाटे कानावर पडत होते, आणि सिंहस्थात घाट चढून नाशिकला जाऊन येणे हे आयुष्यभराचे पुण्य मानले जात होते.

अर्थाविषयी फार वाद नाही. ‘गो’ म्हणजे गाय तसेच पाणी, ‘दा’ म्हणजे देणारी; गौतम ऋषी आणि गायीची कथा सर्वांना ठाऊक आहे. गाथासप्तशती या जुन्या काव्यसंग्रहाच्या प्राकृतात हीच नदी ‘गोला’ म्हणून भेटते.

खरा गुंता आहे तो मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायातील एका श्लोकाचा. नक्षत्र, वृक्ष किंवा नदी यांचे नाव असलेली मुलगी वरू नये, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे, आणि तरीही शास्त्राला मानणाऱ्या कोकणस्थ घरांतच गोदा, यमुना, तापी ही नावे सर्रास होती. लग्नात ताम्हनातल्या तांदळावर नवे नाव लिहिण्याची चाल या निषेधामुळे पडली, असे कोणी म्हटले तर उदाहरणे त्याला अनुकूल दिसतात. दापोलीजवळच्या लाडघरची तापी 1871 मध्ये सासरी, म्हणजे लोकमान्य टिळकांच्या घरी, सत्यभामा झाली. कल्याणची यमुना 1874 मध्ये आनंदी जोशी झाली आणि त्याच नावाने पुढे अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाली. परंतु रत्नागिरीत स्थानबद्ध राहिलेल्या वि. दा. सावरकरांच्या पत्नीचे माहेरचे यशोदा हे नाव सासरी यमुना झाले होते. निषेधच कारण असता तर असे उलटे नामांतर झालेच नसते. माझ्या मते ही चाल श्लोकापेक्षा सासरच्या अधिकाराची होती. नदीची नावे पुसली गेली ती मुळात माहेरी तीच नावे फार होती म्हणून. ‘शास्त्रात आहे’ एवढ्यावर या चालीचे समर्थन करणे हा त्या स्त्रियांवर अन्याय आहे.

देवरूखच्या गोदूबाईंचे उदाहरण याहून वेगळे आहे. बालवयात वैधव्य आलेल्या गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकल्या, 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला, त्या आनंदी झाल्या, आणि पतीच्या मुरूड गावाने या दांपत्याला वाळीत टाकले. रूढी मोडून झालेल्या या विवाहातही नाव बदलण्याची रूढी मात्र टिकून राहिली, ही गोष्ट जितकी नोंदली जायला हवी होती तितकी नोंदली गेलेली नाही.

विसाव्या शतकात हे नाव सर्वांत ठळकपणे उमटले ते उत्तर कोकणात. 1945 मध्ये तलासरी-डहाणूच्या वारली आदिवासींनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला, तेव्हा त्यांच्या नेत्या गोदावरीच, म्हणजे गोदावरी परुळेकर, होत्या आणि पाड्यापाड्यांवर त्या गोदूताई म्हणून ओळखल्या गेल्या. पुढे चाकरमान्यांच्या घरांत कुसुम, सुमन, शालिनी ही नावे आली आणि गोदावरी जुनाट वाटू लागले.

आता हे नाव पुन्हा पुढे येते ते कागदपत्रांत. हिंदू वारसा कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतका हक्क मिळाला, पण वारस नोंद करताना माहेरच्या कागदावरील गोदावरी आणि सासरच्या कागदावरील सुलोचना ही एकच व्यक्ती असल्याचे दाखवावे लागते. त्यासाठी ‘गोदावरी ऊर्फ सुलोचना’ असे प्रतिज्ञापत्र करून द्यावे लागते, आणि भावांचा विरोध असेल तर फेरफाराला हरकत घेण्यासाठी हे दोन नावांचे अंतरच पुढे केले जाते.