डायनॅमो गेला तर अर्ज कुठे करायचा? वॉरंटी, रिकॉल आणि ग्राहक आयोग

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो, एसी दिवसभर बंद होत नाही, आणि अशाच एका दुपारी एसयूव्हीच्या डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागतो. गॅरेजवाला सांगतो, ‘डायनॅमो गेला.’ इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा हा भाग, कंपनीच्या कागदावर त्याचंच नाव अल्टरनेटर. हा फरक लक्षात ठेवा. ‘डायनॅमो रिपेअर’ एवढंच लिहिलेलं बिल नंतर कंपनीला दाखवलं, तर काउंटरवरचा माणूस ‘आमच्या गाडीत डायनॅमो नसतोच’ म्हणायलाही कमी करत नाही. बिलावर ‘अल्टरनेटर’ असंच लिहून घ्या.

खर्च कोण देणार, यासाठी तीन दारं आहेत. तुमच्या एकट्याच्या गाडीचा अल्टरनेटर मुदतीत बिघडला, तर वॉरंटी. ठरावीक काळात बनलेल्या त्या मॉडेलच्या सगळ्या गाड्यांत सुरक्षेला धोका होईल असा दोष असेल, तर रिकॉल, म्हणजे कंपनीने त्या गाड्या परत बोलावणं. आणि डीलर किंवा कंपनी दाद देत नसेल, तर ग्राहक आयोग. लोक वॉरंटीचं गाऱ्हाणं रिकॉल पोर्टलवर टाकतात आणि महिनोन्‌महिने पैशांची वाट बघतात. त्या पोर्टलवरून कुणा एकाला पैसे मिळत नाहीत.

आधी बिघाड नेमका ठरवा

साधा मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू करून, हेडलाइट आणि ब्लोअर लावून, थोडी रेस देऊन मोजा. १३.५ ते १४.५ च्या दरम्यान आलं तर चार्जिंग ठीक. १३ च्या खालीच राहिलं तर अल्टरनेटर, बेल्ट किंवा वायरिंग यांपैकी काहीतरी गेलंय. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर (गॅरेजच्या भाषेत कटआउट) बिघडलाय, आणि तो बॅटरीसकट बाकीच्या इलेक्ट्रॉनिक्सचीही वाट लावतो. नव्या गाड्यांतलं स्मार्ट चार्जिंग इंधन वाचवायला मधूनमधून व्होल्टेज मुद्दाम खाली आणतं, म्हणून लोड न लावता एकदाच घेतलेल्या मापावर भांडू नका.

बॅटरीची केबल काढून गाडी बंद पडते का बघायची, ही जुनी पद्धत विसरा. चालू इंजिनवर बॅटरी काढली की व्होल्टेज एकदम उसळतं, अल्टरनेटरमधली डायोड प्लेट आणि ईसीयू (इंजिनचा संगणक) दोन्ही जाऊ शकतात, आणि मग कंपनीला वॉरंटी नाकारायला तुम्हीच कारण दिलेलं असतं. जंप स्टार्ट करताना वायरी उलट लावल्या तरी तेच.

दिवा चालत्या गाडीत लागला, तर इंजिन लगेच बंद करू नका, परत सुरू होईलच असं नाही. एसी, म्युझिक, मागच्या काचेचा डीफॉगर बंद करा आणि जवळचं सुरक्षित ठिकाण गाठा. अपवाद एकच. लाल दिव्याबरोबर तापमानाचा काटाही चढत असेल तर बेल्टच तुटलेला असू शकतो. बऱ्याच इंजिनांत त्याच बेल्टवर वॉटर पंप चालतो, तेव्हा लगेच थांबा. औट्रम किंवा चरणमाळ घाटात हे झालं तर स्टेअरिंग जड होणार हे गृहीत धरा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला फोन करा. क्रेन मिळते, आणि त्या फोनची वेळ पुढे पुरावा म्हणून कामी येते.

ज्या कागदावर सगळं अडतं

आरसी, विमा, खरेदीचं बिल हे सगळ्यांकडे असतं. नसतं ते नीट लिहिलेलं जॉब कार्ड, म्हणजे गाडी घेताना सर्व्हिस सेंटर तक्रार आणि काम नोंदवतं तो कागद. सर्व्हिस सेंटरला माणूस सांगतो, ‘भाऊ, गाडी रस्तामा बंद पडी गई’, आणि सल्लागार टाइप करतो, ‘जनरल चेकअप, बॅटरी चार्ज’. सहा महिन्यांनी तीच तक्रार घेऊन गेलात की कंपनीच्या नोंदीत अल्टरनेटरचा शब्दही नसतो. हे मुद्दाम होतं असं दर वेळी नाही, पण नुकसान दर वेळी तुमचंच.

म्हणून जॉब कार्डवर सही करण्याआधी तक्रारीचा रकाना वाचा. त्यात इतकं तरी हवं: ‘धुळे-चाळीसगाव रस्त्यावर साधारण ७० च्या वेगात बॅटरीचा दिवा लागला. पाच मिनिटांनी स्टेअरिंग जड झालं, हेडलाइट मंदावले, इंजिन बंद पडलं. वाहन टो करून आणलं.’ तारीख, किलोमीटर, वेग आणि काय बंद पडलं, या चार गोष्टी हव्यातच. सल्लागार लिहीत नसेल तर हाच मजकूर सर्व्हिस सेंटरला ईमेल करा आणि जॉब कार्डचा क्रमांक विषयात टाका. व्हॉट्सअ‍ॅपवरचा अंगठा म्हणजे पोच नव्हे.

दुसरी हरवणारी वस्तू म्हणजे काढलेला जुना अल्टरनेटर. वॉरंटीत बदलला तर तो कंपनी परत घेते, ते ठीक. पण पदरचे पैसे देऊन बदलला असेल तर जुना भाग मागून घ्या, त्यावरचा लेबल क्रमांक दिसेल असा फोटो काढा आणि तो भंगारात देऊ नका. रिवाइंडिंगवाल्याकडे ठेवला, तर आठवड्याभरात त्याची तांब्याची तार कुणाच्या तरी मोटारीत गेलेली असते.

तिसरं, बिल. नंतर रिकॉल निघाला आणि आधी केलेल्या खर्चाची मागणी करायची असेल, तर वहीच्या पानावरची कच्ची पावती चालत नाही. जीएसटी क्रमांक, गाडीचा नंबर, चासी क्रमांक, बदललेल्या भागाचा क्रमांक आणि किलोमीटर असलेलं पक्कं बिल हवं. खर्च परत मिळेलच अशी खात्री नसते, पण कच्च्या पावतीवर मागणीच उभी राहत नाही.

वॉरंटी

‘३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर’ अशी अट असेल तर जे आधी संपेल ते मोजतात, आणि अर्ज फेटाळण्याचं सर्वात सोपं कारण हेच. शहादा-सुरत किंवा रावेर-नाशिक अशा रोजच्या फेऱ्या असतील तर किलोमीटर वर्षांच्या कितीतरी आधी संपतात. बॅटरीची वॉरंटी बॅटरी बनवणाऱ्याची, ती वेगळी. बेल्ट आणि कार्बन ब्रश झिजणारे भाग म्हणून बहुधा वगळलेले असतात, पुस्तिकेतलं ते पान आधी वाचा.

दुसरं नेहमीचं कारण म्हणजे बाहेरून लावलेले जादा दिवे, मोठा हॉर्न, अँप्लिफायर. वायर कापून जोड दिलेला दिसला की ‘हार्नेसमध्ये (म्हणजे मूळ वायरिंगमध्ये) छेडछाड’ असा शेरा पडतो आणि दावा तिथेच संपतो. विम्याकडेही जाऊ नका. मोटार विम्यात यांत्रिक व विद्युत बिघाड वगळलेलाच असतो. रोडसाइड असिस्टन्स घेतलेलं असेल तर टोइंग मिळेल, त्याची पावती जपा.

रिकॉल

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०अ आलं आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. चालक, प्रवासी, रस्त्यावरचे इतर लोक किंवा पर्यावरण यांना धोका होईल असा दोष एखाद्या प्रकारच्या वाहनात असेल, तर केंद्र सरकार उत्पादकाला वाहनं परत बोलवायला लावू शकतं. मग उत्पादकाने किंमत परत द्यायची, किंवा तशीच अथवा त्याहून चांगली गाडी द्यायची, किंवा दुरुस्ती करायची. प्रत्यक्षात होते ती दुरुस्ती, तेव्हा नव्या गाडीची स्वप्नं पाहू नका. दोष स्वतःहून कळवून कंपनीने रिकॉल सुरू केला तर तिला दंड होत नाही, म्हणून बहुतेक रिकॉल स्वेच्छेचे दिसतात.

या सक्तीला वयाची अट आहे: वाहन ७ वर्षांच्या आतलं हवं, आणि मोजणी उत्पादनापासून, नोंदणीपासून नाही. डिसेंबरात बनलेली आणि मार्चमध्ये पासिंग झालेली गाडी असेल तर तीन महिने गेलेच. आरसीवर उत्पादनाचा महिना-वर्ष छापलेलं असतं, ते बघा.

कंपन्यांचे स्वेच्छेचे रिकॉलही उत्पादनाच्या तारखांवरच ठरतात. सप्टेंबर २०२१ मध्ये मारुती सुझुकीने ४ मे २०१८ ते २७ ऑक्टोबर २०२० दरम्यान बनलेल्या १,८१,७५४ पेट्रोल गाड्या बोलावल्या. त्यात व्हिटारा ब्रेझा, एस-क्रॉस, एर्टिगा, एक्सएल६ आणि सियाझ होत्या, आणि दोष होता मोटर जनरेटर युनिटचा. हायब्रिड गाड्यांत चार्जिंगचं काम हाच भाग करतो. तो बदलेपर्यंत साचलेल्या पाण्यातून गाडी घालू नका आणि इलेक्ट्रिकल भागांवर थेट पाण्याचा फवारा मारू नका, असंही कंपनीने कळवलं होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये महिंद्राने ८ जून २०२१ ते २८ जून २०२३ दरम्यानच्या १,०८,३०६ एक्सयूव्ही७०० इंजिनकडच्या वायरिंगच्या तपासणीसाठी बोलावल्या. जुलै २०२३ मध्ये पासिंग झालेली गाडीही यात बसू शकते. ‘माझी तर जुलैची’ म्हणून घरी बसू नका.

आपली गाडी यादीत आहे का, हे कंपनीच्या संकेतस्थळावर चासी क्रमांक टाकून कळतं. तो १७ अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. तसं काही दिसलं तर ते एक किंवा शून्य समजा. ‘रेकॉर्ड सापडले नाही’ हे उत्तर कितीदा तरी एवढ्याशा चुकीमुळेच येतं. काही कंपन्या सुरुवातीची तीन अक्षरं आधीच भरून ठेवतात, तिथे उरलेली १४ च टाकायची.

सेकंडहँड गाड्यांची अडचण वेगळी आणि खान्देशात ती घरोघरी आहे. सुरतेला असलेल्या पाहुण्यांकडून घेतलेली जीजे-०५ ची गाडी वर्षानुवर्षं तशीच फिरते. रिकॉलचं पत्र आणि एसएमएस जातात पहिल्या मालकाला. गाडी तुमच्या नावावर नसली तरी चासी क्रमांक यादीत असेल तर दुरुस्ती मागा, दोष गाडीत आहे, मालकात नाही. पण पुढे तक्रार करायची वेळ आली तर नावावर नसलेल्या गाडीसाठी उभं राहणं अवघड. सुरत आरटीओची एनओसी म्हणजे ना-हरकत (फॉर्म २८) आणि हस्तांतरणाचे फॉर्म २९ व ३० हे काम आधी उरका.

मोबाइल नंबरचंही तसंच. ‘वाहन’ या सरकारी नोंदणी प्रणालीत कित्येकदा एजंटचा किंवा शोरूमचा नंबर असतो आणि ओटीपी त्याच्याकडे जातो. परिवहन संकेतस्थळावर नंबर बदलता येतो. त्यासाठी चासी व इंजिन क्रमांक आणि नोंदणीची तारीख हाताशी ठेवा. डीलरच्या नोंदीतला नंबर वेगळा असतो, तोही बदलून घ्या.

गाडी यादीत नाही, पण दोष धोकादायक वाटतो, तर केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या वाहन रिकॉल पोर्टलवर तक्रार नोंदवा. विक्रीच्या प्रमाणात ठरावीक संख्येने तक्रारी आल्या की चौकशी सुरू होते, म्हणजे तुमची तक्रार ही मोजणीतली एक. ‘डीलर उद्धट आहे’, ‘दीड महिना गाडी पडून’ असलं लिहिलं तर ती सेवेची तक्रार होते. चालत्या गाडीत काय बंद पडलं आणि त्याने कुणाला धोका झाला, तेवढंच लिहा.

रिकॉलचं काम फुकट असतं. वॉरंटी संपली म्हणून त्याचे पैसे मागितले तर तसं लेखी द्यायला सांगा, बहुधा मागणीच मागे पडते. काम झाल्यावर रिकॉलचा उल्लेख असलेलं शून्य रुपयांचं बिल घ्या. त्याच भेटीत ‘व्हील अलाइनमेंट, एसी क्लीनिंग’ चिकटवलं जातं, नको असेल तर आधीच नाही म्हणा.

ग्राहक आयोग

डीलर, मग कंपनीला ईमेल, मग १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, आणि तरीही काही नाही तर जिल्हा आयोग. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. डीलर नाशिकचा आणि कंपनी चेन्नईची असली तरी तुम्ही जळगाव, धुळे किंवा नंदुरबारलाच अर्ज द्या. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही होतं.

शुल्क गाडीला दिलेल्या किमतीवर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही: ५ लाखांपर्यंत काही नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १,०००. ५० लाखांपुढची गाडी असेल तर राज्य आयोग.

मुदत २ वर्षांची, आणि सर्वात जास्त घोळ इथेच. ती तक्रारीचं कारण घडल्यापासून मोजतात, कंपनीच्या शेवटच्या ईमेलपासून नाही. ‘आम्ही बघतो’ अशी उत्तरं येत राहिली म्हणून मुदत वाढत नाही. उशीर झालाच तर कारणासह माफीचा वेगळा अर्ज द्यावा लागतो, आणि तो मान्य होईलच असं नाही.

दुसरा अडसर गाडी कुणाच्या नावावर आहे याचा. सावदा-फैजपूरकडे केळीच्या पेढीच्या नावावर एसयूव्ही घेण्याची पद्धत आहे. व्यावसायिक हेतूने घेतलेली वस्तू ग्राहक कायद्यात बसत नाही, आणि समोरचा वकील पहिला मुद्दा हाच काढतो. गाडी घरच्या वापरासाठी असेल, किंवा स्वतः चालवून पोट भरण्यासाठी असेल, तर ते तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिहा.

तक्रारीसोबत आरसी, खरेदीचं बिल, सगळी जॉब कार्डं तारखेच्या क्रमाने, ईमेल, टोइंगची पावती आणि प्रतिज्ञापत्र जोडा. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तसा अर्ज सुरुवातीलाच द्या, आणि तोवर दुसऱ्या गॅरेजमध्ये गाडी उघडू नका. जपून ठेवलेला जुना अल्टरनेटर बाहेर काढायची वेळ हीच. त्यावर चासी क्रमांकाची चिठ्ठी चिकटवून पिशवीत बांधून द्या.