वर्गणीतून उभं राहिलेलं संग्रहालय : भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची पार्श्वभूमी

४ जानेवारी २००८ रोजी राणीबागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय पाच वर्षांच्या कामानंतर लोकांसाठी पुन्हा खुलं झालं. तेव्हापासून त्याच्याबद्दल बोलताना ‘कायापालट’ हा शब्द हटकून येतो. हिरव्या-सोनेरी खांबांचे फोटो बहुतेकांनी पाहिलेले असतात, आणि दालन खरोखरच देखणं झालं आहे. पण त्याआधीची दीडशे वर्षं ठाऊक नसतील, तर २००८ साली नेमकं काय बदललं ते कळत नाही. मुंबईकरांच्या वर्गणीतून उभी राहिलेली ही संस्था मधल्या काळात मुंबईकरांच्या विस्मरणात गेली होती. तिचं नाव बदललं, तरी त्या परिस्थितीत फारसा फरक पडला नव्हता.

सुरुवात झाली ती एका परदेशी प्रदर्शनामुळे. १८५५ साली पॅरिसमध्ये भरणाऱ्या जागतिक प्रदर्शनासाठी इथल्या कारागिरीच्या वस्तू आणि कच्च्या मालाचे नमुने गोळा करण्यात आले, आणि त्यांचा दुसरा संच मुंबईतच ठेवून घेण्यात आला. कोटातल्या टाउन बराकीत तो मांडला गेला. ‘बॉम्बे टाइम्स’चे संपादक जॉर्ज बुइस्ट त्याची व्यवस्था पाहत. सरकारचा हेतू सरळसरळ व्यापारी होता : कुठे काय पिकतं, कुठे काय बनतं आणि त्यातलं काय विकता येईल, हे एका जागी दिसावं. १८५७ च्या उठावात सैन्याला बराक हवी झाली. सामान घाईघाईने बाहेर काढताना बरीच मोडतोड झाली आणि उरलंसुरलं टाउन हॉलमध्ये जाऊन पडलं. पुढे जॉर्ज बर्डवुड नावाच्या डॉक्टरने ते पुन्हा लावायला घेतलं.

१८५८ साली कंपनीचा कारभार राणीच्या हाती गेला. त्याची आठवण म्हणून शहरात एक बाग आणि एक संग्रहालय उभारावं, असा विचार पुढे आला. त्यासाठी टाउन हॉलमध्ये सभा भरली आणि नागरिकांची वर्गणी सुरू झाली. पुढाकार घेणाऱ्यांमध्ये नाना शंकरशेट, डेव्हिड ससून आणि डॉ. भाऊ दाजी लाड होते. संग्रहालयाला नाव मिळालं ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट’. आज हे नाव वाचून त्या मंडळींना राजनिष्ठ म्हणून निकालात काढणं सोपं आहे. मला ते अन्यायाचं वाटतं. राणीच्या नावाने का होईना, शहराला शाळा, दवाखाना, ग्रंथालय आणि संग्रहालय मिळावं यासाठी ही पिढी झटत होती आणि त्यासाठी स्वतःच्या खिशात हात घालत होती.

भाऊ दाजींकडे थोडं अधिक पाहायला हवं, कारण पुढे संग्रहालयाला त्यांचंच नाव मिळालं. मूळचे गोव्याचे असलेले भाऊ मुंबईत एल्फिन्स्टनमध्ये शिकले. १८५१ साली ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत ते होते. धाकटे बंधू नारायण दाजी यांच्यासह ते गरिबांना मोफत औषध देत. कुष्ठरोगावर देशी वनस्पतीतून उपाय सापडतो का, याचा त्यांनी अनेक वर्षं शोध घेतला. दुसरीकडे लेण्यांमधले शिलालेख वाचणं, जुनी नाणी आणि पोथ्या जमवणं, ‘बॉम्बे असोसिएशन’चं राजकारण आणि मुलींच्या शिक्षणासाठी पैसा उभा करणं हेही चालूच असे. दवाखाना सांभाळून हा माणूस अजिंठ्याचे लेख लावत होता! संग्रहालय समितीच्या चिटणिसाचं किचकट कामही त्यांनी बर्डवुडबरोबर केलं. पत्रव्यवहार, वर्गणीदारांकडे तगादा, जागेसाठी खटपट हे सारं त्यात आलं. एखाद्या संस्थेला नाव द्यायचं, तर ते असं काम केलेल्या माणसाचं द्यावं.

१९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि पैसा वाहत होता. युद्ध १८६५ मध्ये संपलं आणि शेअरबाजार कोसळला. ज्यांनी मोठमोठे आकडे घातले होते, त्यातले कित्येक दिवाळखोर झाले. खुद्द भाऊ दाजींची सगळी पुंजी बुडाली. नाना शंकरशेट त्याच वर्षी वारले. अर्धवट भिंती तशाच उभ्या राहिल्या आणि शेवटी सरकारला पैसे घालून काम पुरं करावं लागलं. २ मे १८७२ रोजी दारं उघडली. भाऊ दाजींनी तो दिवस पाहिला. दोन वर्षांनी, मे १८७४ मध्ये त्यांचं निधन झालं.

इमारत बाहेरून गंभीर, इटालियन धाटणीची. आत मात्र ओतीव लोखंडाचे खांब, वरून फिरणारा सज्जा आणि इंग्लंडहून आलेल्या मिंटन फरशा. मध्यभागी राजपुत्र अल्बर्टचा मॅथ्यू नोबलने घडवलेला संगमरवरी पुतळा आहे. तो ससून यांची देणगी आहे आणि त्यावर हिब्रूतही मजकूर कोरलेला आहे. बगदादहून आलेल्या ज्यू व्यापाऱ्याने इंग्लंडच्या राणीच्या नवऱ्याचा पुतळा मुंबईकरांच्या संग्रहालयाला द्यावा, यावरून तेव्हाची मुंबई कशी होती याची कल्पना येते.

संग्रह घडण्यात सर जे. जे. कलाशाळेचा वाटा फार मोठा. शाळेतली मातीची भांडी, धातूकाम आणि लाकडावरचं कोरीवकाम इथे येत गेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शाळेचे प्राचार्य सेसिल बर्न्स हेच संग्रहालयाचे अभिरक्षक होते. त्यांच्या आणि त्यांच्यानंतर आलेल्या अर्नेस्ट फर्न यांच्या काळात मातीच्या छोट्या प्रतिकृती आणि देखावे तयार झाले. वरच्या मजल्यावर ते आजही आहेत : निरनिराळ्या समाजांची माणसं आपापल्या पेहरावात, ओळीने मांडलेले पगड्या-पागोट्यांचे नमुने, मासेमारीच्या होड्या, पारशांच्या दख्म्याची (मृतदेह ठेवायच्या मनोऱ्याची) प्रतिकृती. साहेबाची वर्गवारी करण्याची हौस यात उघड दिसते. माणूस म्हणजे जात, धंदा आणि डोक्यावरचं पागोटं, असा तो हिशेब. पण जवळ जाऊन पाहिलं की घडवणाऱ्याचा हातही दिसतो. एखाद्या बाईच्या लुगड्याचा काष्टा ज्या नेमकेपणाने घातला आहे, तो रोज पाहणाऱ्यालाच जमेल. मोठी माणसं दुसऱ्या दालनात गेली तरी मुलं या काचेला नाक लावून उभी असतात.

बाहेर उभा असलेला दगडी हत्ती हीसुद्धा इथली मोठी ठेव. याच हत्तीवरून पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये तो विलायतेला नेण्याचा घाट घातला गेला, पण उचलताना साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. म्हणून तो इथे राहिला. तुकडे बागेत आणून ठेवले गेले आणि १९१४ मध्ये ते पुन्हा जोडण्यात आले.

१९२२ मध्ये फोर्टमध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम सुरू झालं, आणि पाहुण्यांना दाखवायचं संग्रहालय म्हणून त्याचं नाव पुढे आलं. भायखळ्याचं संग्रहालय बागेला जोडून असलेलं, सुट्टीच्या दिवशी पोराबाळांना घेऊन जायचं ठिकाण म्हणून उरलं. आसपास गिरण्या आणि चाळी, त्यामुळे येणारा माणूस बहुतेक कामगार वस्तीतला. आधी वाघ-सिंह, मग हत्तीवरची रपेट आणि परतताना संग्रहालय, असा क्रम. अभ्यासकांनी याला कमी लेखलं. माझ्या मते हेच या जागेचं खरं बळ होतं. ज्या प्रेक्षकाला दारापर्यंत आणण्यासाठी जगभरची संग्रहालयं आज धडपडतात, तो इथे आपल्या पायाने येत होता. त्याच्यासाठी आत कुणी काही नवं करत नव्हतं, एवढंच.

१९६५ मध्ये शहरातल्या चौकांमधून इंग्रजी अमदानीतले पुतळे हलवले गेले आणि त्यातले बरेच इथे आले. व्हिक्टोरिया राणी आली, कॉर्नवॉलिस आला, आणि ज्याच्यामुळे एका अख्ख्या परिसराला काळा घोडा म्हणतात तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळाही राणीबागेत आला. नको झालेला इतिहास ठेवण्याची जागा, अशी तेव्हा या आवाराची गत झाली होती. १ नोव्हेंबर १९७५ रोजी संग्रहालयाला डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव देण्यात आलं. निर्णय उचितच होता, उशिरा का होईना. पण पाटी बदलली आणि कपाटं तशीच राहिली. भाऊ दाजी कोण, हे आत शिरणाऱ्याला कुणी सांगत नव्हतं. छत गळत होतं, वाळवी लागली होती, वस्तूंवर धूळ साचत होती. पुढची जवळजवळ तीस वर्षं अशीच गेली.

फेब्रुवारी २००३ मध्ये मुंबई महापालिका, वारसा जतनाचं काम करणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. मालकी महापालिकेची, तज्ज्ञता इन्टॅकची, आणि दुरुस्तीसाठी बजाज फाउंडेशनचा हातभार. या कामाचा पाठपुरावा तस्नीम झकारिया मेहता यांनी केला आणि इमारतीचं जतन वास्तुविशारद विकास दिलावरी यांनी पाहिलं. भिंतींवर चढलेले रंगाचे थर खरवडून मूळ रंग शोधला गेला, छतावरची नक्षी पुन्हा काढली गेली, सोन्याचा वर्ख लावला गेला, सागवानी कपाटं दुरुस्त झाली आणि वस्तूंवर एकेक करून उपचार झाले. संग्रहालय लोकांसाठी खुलं होण्याआधीच, २००५ मध्ये, युनेस्कोने आशिया-प्रशांत विभागातला वारसा जतनाचा सर्वोच्च पुरस्कार या कामाला दिला.

हा भाग गाजला. त्यानंतर जे घडलं ते मला जास्त मोलाचं वाटतं. संग्रहालयाने स्वतःची ओळख मुंबई शहराचं संग्रहालय अशी नव्याने सांगायला सुरुवात केली आणि त्याप्रमाणे वागायलाही. वरच्या मजल्यावर मुंबईचं दालन झालं. मागच्या आवारात छोट्या प्रदर्शनांसाठी जागा निघाली. मुलांसाठी कार्यशाळा, नाटकं, चित्रपट आणि व्याख्यानं सुरू झाली, आणि महापालिकेच्या शाळांतल्या मुलांना आत आणलं गेलं. आधुनिक भारतीय कलेच्या इतिहासाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रमही सुरू झाला. डिसेंबर २०१२ ते जानेवारी २०१३ या काळात न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाची शहरविषयक प्रयोगशाळा याच आवारात, बांबूच्या मांडवाखाली भरली. घरं, वाहतूक आणि मोकळ्या जागा यांवर तिथे चर्चा झाली आणि प्रवेश विनामूल्य होता.

सगळ्यात धाडसाचं पाऊल म्हणजे आजच्या चित्रकार-शिल्पकारांना जुन्या संग्रहाशी बोलायला बोलावणं. २०१० मध्ये सुदर्शन शेट्टी यांनी आपली कामं जुन्या कपाटांच्या मधोमध मांडली आणि पुढे हा शिरस्ता झाला. २०१३ मध्ये रीना सैनी कल्लाट यांनी इमारतीच्या दर्शनी भागावर एक प्रचंड कोळ्याचं जाळं टांगलं. ते रबरी शिक्क्यांचं बनलेलं होतं आणि प्रत्येक शिक्क्यावर मुंबईतल्या एखाद्या रस्त्याचं बदलून गेलेलं इंग्रजी काळातलं नाव होतं. जिचं स्वतःचं नाव बदललं आहे, अशा इमारतीवर सरकारी कचेरीतल्या शिक्क्यांचं जाळं! बागेतून बाहेर पडणाऱ्या माणसाला तिकीट न काढता ते पाहता येत होतं.

जुन्या इमारतीत जागा अपुरी पडते म्हणून शेजारी नवी उत्तर शाखा बांधायचं ठरलं. आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली आणि २०१४ च्या अखेरीस अमेरिकी वास्तुविशारद स्टीव्हन हॉल यांच्या कार्यालयाचा आराखडा निवडला गेला. मग मतभेद सुरू झाले. एवढा खर्च महापालिकेने का करावा, बागेतली जागा का द्यावी, महापालिकेच्या मालकीच्या संग्रहालयाचा कारभार विश्वस्त मंडळाने किती काळ पाहावा, असे प्रश्न विचारले गेले. यातला एकही प्रश्न फालतू नव्हता. करदात्यांच्या पैशावरच्या संस्थेला ते विचारले गेलेच पाहिजेत. पण उत्तरं मिळण्याऐवजी प्रस्ताव फायलींमध्येच अडकून राहिला, आणि त्यात नुकसान संग्रहालयाचं झालं. आजच्या संग्रहात १८५० ते १९३० ची मुंबई भरभरून आहे. गिरणी संप, चाळींच्या जागी उभे राहिलेले टॉवर, कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांचं शतकभराचं जगणं यांना मात्र हक्काचं दालन अजून नाही. उत्तर शाखेत ते व्हावं की जुन्या इमारतीतच जागा काढावी, यावर वाद जरूर घालावा. पण लालबाग-परळच्या घरांमधल्या पत्र्याच्या ट्रंका, गिरणीचे बिल्ले आणि खानावळींच्या वह्या भंगारात जात आहेत. त्या गोळा करण्यासाठी नव्या इमारतीची वाट पाहण्याची गरज नाही.