मामा तलावांची पार्श्वभूमी

हिवाळ्यात गोंदिया-भंडाऱ्याकडच्या एखाद्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, पहाटे जाऊन उभं राहावं. अडईचे थवे शीळ घालत डोक्यावरून जातात, पानांवरून कमळपक्षी तुरुतुरु चालतो. हे सगळं निसर्गानंच दिलंय असं वाटतं. पण आमच्याकडची बहुतेक तळी माणसांनी माती वाहून घडवलेली आहेत. त्यांनाच मामा तलाव म्हणतात. ‘मामा’ म्हणजे माजी मालगुजारी, पूर्वी मालगुजारांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या ताब्यात असलेले.

गोंड राजांच्या काळात जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन मिळे, असं सांगतात. या कामात कोहळी समाजाचा हात कुणी धरू शकला नाही. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, तोही डोंगरांमधल्या फटी पाळी घालून बुजवत. हेतू एकच, धानाला पाणी. पण उतारावर अडवलेलं पाणी काठाकडे उथळ राहतं आणि खरी श्रीमंती त्या उथळ पाण्यातच असते. तिथे देवधान, म्हणजे रानटी भात, उगवतं, कमळ आणि शिंगाडा वाढतो, माशांची पिल्लं लपतात. पाळीखालच्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या शेतांत, सारसाची जोडी घरटं करते. राज्यातले बहुतेक सारस आज गोंदिया जिल्ह्यातच उरलेत. तलाव आणि धान दोन्ही शेजारी असले की हा पक्षी इथे रमतो.

1951 मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव सरकारी झाले. जमीनदारी जायलाच हवी होती. मात्र गाळ काढणं, पाळ बुजवणं ही गावाची कामं हळूहळू कुणाचीच राहिली नाहीत. गाळ साचला, काठावर बेशरम माजली. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती गुरंही खात नाहीत. त्यात उत्पन्नासाठी रोहू-कटल्यासोबत गवत्या मासा सोडला गेला. तो पाणवनस्पतीच खातो, मग मरळीसारख्या गावरान माशांनी आसरा घ्यायचा कुठे?

याची झळ आधी ढिवरांना, म्हणजे इथल्या मासेमार समाजाला लागली, आणि उपायही त्यांनीच काढला. अर्जुनी मोरगावकडे ढिवर बायांनी उन्हाळ्यात बेशरम मुळासकट उपटली, तलावाचं पोट नांगरून घेतलं आणि देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. कुठली वनस्पती कुठल्या माशाला हवी, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पुढच्या वेळी तलावात कुठलं मत्स्यबीज सोडायचं हे ठरवताना आधी त्यांनाच विचारायला हवं.