साफ केलेली थ्रॉटल बॉडी आणि सवयीचा गुलाम संगणक

कोल्हापुरात दसरा चौकातल्या सिग्नलला गाडी उभी केली आणि आरपीएमचा, म्हणजे इंजिनच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांचा, काटा 1,500 पर्यंत चढला, तिथून 600 च्या खाली आला, इंजिन आता बंद पडणार असे वाटेपर्यंत थरथरले आणि काटा पुन्हा वर गेला. ॲक्सिलरेटरवर पाय नव्हता. आदल्याच दिवशी थ्रॉटल बॉडी साफ करून आणलेली होती. साफ करण्यापूर्वी गाडी थोडी जड चालत असे, पण आयडलिंगला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसते चालू असताना, मात्र कधी अशी वर-खाली झाली नव्हती. अशा वेळी ‘साफसफाई करताना काहीतरी मोडले’ हा निष्कर्ष मनात पहिला येतो आणि बहुतेकदा तो घाईचा असतो.

एअर फिल्टर आणि सिलिंडरांना हवा वाटून देणारे इनटेक मॅनिफोल्ड यांच्यामध्ये थ्रॉटल बॉडी बसते. तिच्या गोल नळीत एक पातळ चकती आसावर फिरते. गॅरेजमध्ये तिला बटरफ्लाय म्हणतात. पेट्रोल इंजिनात किती हवा जाणार हे ही चकती ठरवते आणि त्या हवेला शोभेल एवढे, म्हणजे साधारण 14.7 भाग हवेला 1 भाग या वजनी प्रमाणात, पेट्रोल इंजेक्टर सोडतात. जुन्या गाड्यांत ही चकती केबलने उघडते आणि आयडलिंगची हवा बाजूच्या छोट्या वाटेने, वेगळ्या व्हॉल्व्हमधून जाते. नव्या गाड्यांत केबल नसते. ईसीएम, म्हणजे इंजिनचा संगणक, एका मोटरद्वारे चकती हलवतो आणि आयडलिंगला ती अगदी किंचित उघडी ठेवतो.

ही ‘किंचित’ किती, याचा ढोबळ हिशेब केला तर आश्चर्य वाटते. 1.2 लीटरचे इंजिन 800 आरपीएमला चालत असताना मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या दाबाच्या साधारण एक तृतीयांश असतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे 570 मीटर उंचीवर असल्याने इथला हवेचा दाब 95 किलोपास्कलच्या आसपास भरतो, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये तो 30 ते 35 उरतो. दाबात एवढा फरक असला की चकतीच्या कडेच्या फटीतून जाणारी हवा ध्वनीच्या वेगाला पोहोचते आणि त्याहून जास्त ओढून घेता येत नाही. मग किती हवा आत जाईल हे जवळजवळ फटीच्या क्षेत्रफळावरच ठरते. ते क्षेत्रफळ 15 चौरस मिलिमीटरच्या जवळपास येते. 50 मिलिमीटर व्यासाच्या नळीचा परीघ 157 मिलिमीटर. तेव्हा फट सरासरी 0.1 मिलिमीटरची, माणसाच्या केसाच्या जाडीच्या घरातली झाली.

आता काजळीकडे पाहू. क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनच्या तेल असलेल्या खालच्या भागातली, तेलकट वाफ पीसीव्ही नावाच्या पाइपने परत इंजिनात येते, तिच्यात धूळ आणि सिलिंडरकडून मागे आलेला धूर मिसळतो आणि चकतीच्या कडेला काळा चिकट थर बसतो. 0.05 मिलिमीटरचा थर डोळ्यांना किरकोळ दिसेल, पण तो त्या फटीचा अर्धा भाग अडवून बसलेला असतो. तरीही गाडी वर्षानुवर्षे सुरळीत आयडल होते, कारण ईसीएम हळूहळू चकती थोडी थोडी जास्त उघडायला शिकतो आणि ते माप स्मृतीत ठेवतो. उसाला दारे धरणारा शेतकरी पाटाच्या दारात गाळ साचेल तशी फळी बोटभर जास्त उचलतो, आणि कुणी मधल्या काळात गाळ काढून टाकला तरी त्याचा हात सवयीने फळी तेवढीच उचलतो. पहिल्या दिवशी पाणी बांधावरून जाणारच. साफ केलेल्या थ्रॉटल बॉडीमागे बसलेल्या ईसीएमचे नेमके हेच होते.

काटा नुसता वर न राहता वर-खाली का होतो, हे आणखी रंजक आहे. आरपीएम वाढले म्हणून ईसीएम चकती मिटतो, पण मॅनिफोल्डमधली हवा संपायला आणि इंजिन मंदावायला वेळ लागतो. तोवर दुरुस्ती गरजेपेक्षा जास्त झालेली असते आणि मग उलट्या दिशेची धावपळ सुरू होते. त्यात पाय ॲक्सिलरेटरवर नसताना आरपीएम एका मर्यादेवर गेले, तर ईसीएम गाडी उतारावर आहे असे समजून पेट्रोलच तोडतो, आरपीएम कोसळतात, पेट्रोल पुन्हा सुरू होते आणि काटा पुन्हा उसळतो. उद्यमनगरात ऑइल इंजिनावर हयात घालवलेल्या जुन्या कारागिरांना हा प्रकार नवा नाही. गव्हर्नर, म्हणजे इंजिनचा वेग आवरणारी यंत्रणा, ढिला असला की इंजिन असेच ‘हुंदडते’. गव्हर्नरच्या या अस्थिरतेचे गणित भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांनी 1868 मध्येच मांडले होते.

उपाय म्हणजे ईसीएमला नव्याने शिकवणे. काही गाड्यांत बॅटरीची निगेटिव्ह तार 15-20 मिनिटे काढून ठेवली की जुने माप पुसले जाते, काहींत स्कॅनर लावून थ्रॉटलचे ‘लर्निंग’ करावेच लागते. आपल्या गाडीची पद्धत तिच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्येच पाहावी. त्यानंतर एसी, दिवे, पंखा बंद ठेवून, ॲक्सिलरेटरला न शिवता इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत आयडलवर चालू द्यावे आणि मग एसी लावून पुन्हा काही मिनिटे. दोष केवळ स्मृतीचा असेल, तर चालवता चालवता तो कमी होत जातो.

कमी होत नसेल तर मात्र हवा दुसरीकडून शिरते आहे का, हे शोधावे. वरचा हिशेब इथे कामी येतो: 3 मिलिमीटर आतल्या व्यासाची एक नळी निसटली, तर 7 चौरस मिलिमीटरचे भोक उघडे पडते, म्हणजे आयडलिंगच्या हवेत जवळजवळ निम्म्याने भर. ज्या गाड्यांत हवा मोजणारा सेन्सर फिल्टरजवळ असतो, तिथे ही हवा मोजलीच जात नाही, मिश्रण पातळ होते आणि इंजिन मिसिंग करते. ज्यांत मॅनिफोल्डचा दाब मोजून हिशेब होतो, तिथे ती मोजली जाते आणि आयडल नुसतेच चढून बसते. स्कॅनरवर पी 0507 हा कोड आला, तर आयडल अपेक्षेपेक्षा जास्त आहे एवढेच तो सांगतो. त्या भरवशावर नवी थ्रॉटल बॉडी विकत घेणे म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलणे होय. चकतीच्या कडेला कारखान्यातच दिलेला लेप घासून निघाला, किंवा इलेक्ट्रॉनिक चकती इग्निशन चालू असताना बोटाने ढकलून आतल्या गिअरवर जोर आला, तर खरोखर खर्चाची पाळी येते. म्हणून क्लीनर कापडावर मारून हलक्या हाताने पुसणेच बरे.

माझ्या गाडीचे लर्निंग केल्यावर हुंदडणे थांबले, पण काटा 1,100 वर अडून राहिला. दुसऱ्या गॅरेजमधल्या मेस्त्रींनी बॉनेट उघडले, कान लावला आणि म्हणाले, “सर, वारं ओढतंय कुठंतरी.” क्लीनर फवारला तर गरम इंजिनावर भडका उडू शकतो, म्हणून त्यांनी बाटलीतले साधे पाणी गॅस्केटभोवती आणि पाइपांच्या तोंडांशी थोडे थोडे मारले. पीसीव्ही पाइपच्या वळणावर पाणी पडताच काटा क्षणभर खाली आला. उष्णतेने कडक झालेले ते रबर थ्रॉटल बॉडी काढताना ताणले जाऊन खालच्या बाजूने चिरले होते, आणि वरून पाहताना ती चीर दिसत नव्हती. पाइप बदलला, पुन्हा एकदा लर्निंग केले आणि काटा 750 वर स्थिरावला.