पातेल्याकडे बघून जेवावं : व्हिएतनामच्या घरातल्या भाताची पार्श्वभूमी

व्हिएतनामी घरात मुलांना वळण लावताना एक म्हण हमखास ऐकू येते : 'अन चोंग नोई, न्गोई चोंग हुओंग.' जेवताना पातेल्याकडे बघावं, बसताना दिशा बघावी. दिशेचं कळतं, थोरामोठ्यांकडे पाठ करू नये, आपली जागा ओळखून बसावं. पातेल्याचा भाग मात्र शिष्टाचाराचा कमी आणि हिशेबाचा जास्त. भात किती उरलाय, भोवती तोंडं किती, आपण अजून एक वाडगा मागितला तर मागाहून येणाऱ्याला काय राहील, एवढं मनात मोजून मग वाडगा पुढे करायचा.

२०२३ साली याच देशाने ८० लाख टनांहून जास्त तांदूळ परदेशी विकला. त्या जुलैत भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, त्याचाही त्याला फायदा झाला. इतका तांदूळ पिकवणाऱ्या घरात मुलाला पातेल्यावर नजर ठेवायला का शिकवतात? कारण ते पातेलं भरल्याला अजून चाळीस वर्षंही झालेली नाहीत.

आधी शब्दांकडे बघू. 'कम' म्हणजे शिजवलेला भात आणि 'कम' म्हणजेच जेवण. 'अन कम चुआ?' म्हणजे शब्दशः 'भात खाल्ला का?', पण विचारणाऱ्याला म्हणायचं असतं 'जेवलात का?', आणि पुष्कळदा तेवढंही नाही, नुसतं 'काय, कसं काय?' आपल्याकडे कोकणात शेतात डोलतो तोही भात आणि पानात वाढतात तोही भात. व्हिएतनामी भाषेला ही सरमिसळ चालत नाही. उभं पीक 'लुआ', झोडून काढलेले दाणे 'थोक', सडलेला तांदूळ 'गाओ', शिजला की 'कम', पातळ पेज केली की 'चाओ'. चिकट तांदूळ 'नेप', रोजचा साधा 'ते'. कणीला 'तम', कोंड्याला 'काम'. तिथली सर्वांत लाडकी लोककथा दोन सावत्र बहिणींची आहे आणि त्यांची नावं हीच : तम आणि काम, कणी आणि कोंडा. सावत्र आई जत्रेला जाताना तांदूळ आणि साळ एकत्र मिसळून तमला निवडत बसवते, आणि चिमण्या येऊन तिला निवडून देतात. घरात कोण कुठल्या किमतीचं, हे सांगायला या कथेला तांदळाबाहेर जावं लागलं नाही.

रोजचं जेवण मोठ्या गोल थाळ्यात मांडतात. त्याला 'मम' म्हणतात. पूर्वी चटईवर बसून, आता बऱ्याच घरांत टेबलाशी. थाळ्यात एक खारं कालवण असतं, म्हणजे 'नुओक माम' या माशाच्या खारवलेल्या अर्कात आटवलेला मासा किंवा डुकराचं मांस. सोबत एक उकडलेली किंवा परतलेली पालेभाजी, 'कान' नावाचं पातळ सार, आणि मधोमध नुओक मामची वाटी. ती सगळ्यांत मिळून एकच. भाजी नसली तर चालत नाही. भाजीशिवाय भात म्हणजे औषधाशिवाय दुखणं, असं तिथे म्हणतात. भाताचं पातेलं मात्र थाळ्यात नसतं. ते बाजूला, घरातल्या एखाद्या बाईच्या हाताशी असतं. आई, सून किंवा मोठी मुलगी. सगळ्यांचे वाडगे तिच्याकडे जातात, भरून परत येतात. कोण किती जेवलं हे घरात फक्त तिला नेमकं माहीत असतं, आणि तळाशी लागलेली खरपुडीही बहुधा तिच्याच वाट्याला येते.

कालवण चांगलं झालंय हे सांगायची तिथली पद्धत बघा. ते 'दुआ कम' आहे, म्हणजे भात पुढे ढकलणारं आहे, असं म्हणतात. मराठीत याला अगदी बेतशीर शब्द आहे : तोंडी लावणं. व्हिएतनामी थाळ्यात भाताखेरीज जे काही आहे ते सगळं तोंडी लावणं आहे. पदार्थ खारट का, आणि एवढासाच का, याचं उत्तर त्यात आलं. बोटाएवढ्या मासळीवर दोन वाडगे भात संपला पाहिजे, या गरजेतून ही पाकपद्धती उभी राहिली. बाहेरच्या जगाला व्हिएतनामी जेवण म्हटलं की 'फो'चा, म्हणजे मांसाच्या रश्श्यातल्या तांदळाच्या शेवयांचा वाडगा आठवतो. घरच्या भाषेत फो म्हणजे बाहेरचं खाणं, इतकं की 'भाताचा कंटाळा आला, फोची वासना झाली' ही बाहेरख्याली नवऱ्यासाठीची बोली आहे. सुखी संसाराला 'चांगला भात, गोड सार' म्हणतात, आणि भांडण पेटू नये म्हणून 'भाताला उकळी आली की जाळ कमी कर' असा सल्ला देतात. तो बायकोलाच देतात, हेही नोंदवून ठेवायला हवं.

उत्तरेत अजून पुष्कळ घरी जेवण सुरू होण्याआधी धाकट्याने थोरांना एकेक करून विनवायचं असतं. आजोबा जेवायला बसा, आजी बसा, बाबा बसा, आई बसा. खाण्यासाठी आदराचं क्रियापद वेगळं आहे, आणि ते स्वतःसाठी वापरलं तर हसं होतं. दक्षिणेत हा रिवाज बराच सैल आहे. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखीच : भाताच्या वाडग्यात काड्या उभ्या खोचायच्या नाहीत. माणूस गेल्यावर भाताने भरलेला वाडगा, वर उकडलेलं अंडं आणि उभ्या काड्या शवपेटीपाशी ठेवतात, त्याची आठवण होते. पिंडाचा भात आपण ताटात वाढत नाही, तसंच.

या सगळ्याची मुळं उत्तरेतल्या लाल नदीच्या खोऱ्यात आहेत. तिथे साधारण चार हजार वर्षांपासून भातशेती आहे. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या दोंग सोन संस्कृतीच्या काशाच्या ढोलांवर, न्गॉक लूच्या प्रसिद्ध ढोलावरही, समोरासमोर उभी राहून उखळात मुसळ घालणारी जोडी कोरलेली आहे. नदी मात्र खाष्ट. पावसाळ्यात ती आजूबाजूच्या शेतांच्या वर वाहते, म्हणून शतकानुशतकं बांध घालावे लागले. बांध एकट्याने घालता येत नाही. गाव, आणि गावावर राज्य, असं सगळं त्या चिखलातून वर आलं. ९८७ साली राजा ले होआन याने स्वतः नांगर धरून हंगाम सुरू केल्याची नोंद आहे. तो विधी २००९पासून उत्तरेतल्या 'हा नाम' नावाच्या भागात पुन्हा होऊ लागला.

उत्तरेत दोन पिकं. दहाव्या चांद्रमासात हाती येणारं पावसाळी, आणि पाचव्यात येणारं 'चिएम'. या नावाचा संबंध दक्षिणेतल्या चंपा राज्याशी जोडला जातो. संस्कृत शिलालेख कोरणारं, शंकराची देवळं बांधणारं हेच ते चंपा. तिथला लवकर तयार होणारा, पाण्याची ओढ सोसणारा तांदूळ इतका नावाजलेला होता की १०१२ साली चीनच्या सोंग सम्राटाने त्याचं बियाणं मागवून आपल्या दुष्काळी भागात वाटलं. व्हिएतनामी शेतकऱ्याच्या लेखी दुसरं पीक म्हणजे चैन नव्हे. पहिल्या पिकाचा कणगा रिकामा होतो आणि दुसरं अजून हिरवं असतं, त्या दोन-तीन उपाशी महिन्यांवरचा तो उतारा होता. पुरत नसे. मग रताळी, मका आणि कसावाचे कंद. भातात काहीतरी मिसळून तो वाढवायचा, ही युक्ती जुनीच आहे. पुढच्या काळात ती अख्ख्या देशाला वापरावी लागली.

सणाला मात्र चिकट तांदूळच लागतो. कथा अशी की दंतकथांमधल्या आद्य हुंग घराण्यातल्या राजाने मुलांना सांगितलं, पूर्वजांना सर्वांत योग्य नैवेद्य आणील त्याला गादी. सगळे दुर्मिळ चिजा शोधायला गेले. गरीब राजपुत्र लांग लिएउ याच्याकडे तांदळाशिवाय काहीच नव्हतं. त्याने पृथ्वीसारखा चौकोनी 'बान चुंग' आणि आकाशासारखा गोल 'बान झाय' केला, आणि राजा झाला. आजही 'तेत'च्या नववर्षाला मूगडाळ आणि डुकराचं मांस भरून, पानात बांधून, रात्रभर उकळत ठेवलेला बान चुंग उत्तरेत घरोघरी असतो. दक्षिणेत तोच लांबोळका 'बान तेत' होतो. वायव्येच्या डोंगरातले थाय लोक तर अजूनही रोजच चिकट भात खातात. शरदात हनोईजवळच्या वोंग गावचा 'कोम' येतो. कोवळे हिरवे दाणे भाजून, कांडून चपटे केलेले, कमळाच्या पानात बांधलेले. बघितल्यावर मराठी माणूस त्याला पोहेच म्हणेल.

फ्रेंच आले आणि तांदूळ मोठ्या प्रमाणावर घराबाहेर पडू लागला. १८६०मध्ये दक्षिणेतलं साइगॉन (आजचं हो ची मिन्ह शहर) बंदर निर्यातीला खुलं झालं. मेकाँगच्या दलदलीत कालवे खोदले, साइगॉनला लागून असलेल्या चोलोन या चिनी वस्तीत गिरण्या धडधडू लागल्या, आणि १९२०च्या दशकाअखेर वर्षाला १५ लाख टनांहून जास्त तांदूळ जहाजांवर चढत होता. जमीन मोजक्या जमीनदारांकडे, राबणारी कुळं. त्यांच्या पातेल्यात पुष्कळदा गिरणीत मोडलेली कणी पडे. साइगॉनच्या नाक्यानाक्यावर आज डुकराच्या भाजलेल्या मांसाबरोबर मिरवणारा 'कम तम' म्हणजे तीच कणी.

१९४४च्या शरदापासून १९४५च्या उन्हाळ्यापर्यंत उत्तरेत जो दुष्काळ पडला, त्याशिवाय या पातेल्याची गोष्ट कळत नाही. जपानी सैन्य देशात होतं, कारभार मार्च १९४५पर्यंत फ्रेंचांचा होता. शेतकऱ्यांकडून ठरावीक पडत्या भावाने धान्य उचललं जाई. काही भागांत भात उपटून ताग लावायला लावला. त्यात वादळांनी पीक गेलं. दक्षिणेत तांदूळ होता, पण बाँबहल्ल्यांनी रेल्वे आणि जहाजं बंद पडली होती. कोळसा मिळेना म्हणून साइगॉनच्या वीजकेंद्रात धान्य जाळलं जात होतं आणि इकडे हनोईच्या रस्त्यांवरून हातगाड्या भरून प्रेतं उचलली जात होती. किती मेले याचे अंदाज चार लाखांपासून वीस लाखांपर्यंत जातात. सप्टेंबर १९४५मध्ये स्वातंत्र्य जाहीर झालं आणि त्याच महिन्यात हो ची मिन्ह यांनी लोकांना आवाहन केलं : दहा दिवसांतून एक जेवण सोडा, त्या जेवणाचा मापभर तांदूळ गरिबांसाठी बाजूला काढा. घरोघरी त्यासाठी वेगळं मडकं ठेवलं गेलं. पातेल्याकडे बघण्याची घरगुती शिकवण इथे राष्ट्रीय धोरण झाली.

तरी आजच्या आजी-आजोबांना विचारलं तर ते दुष्काळापेक्षाही आधी 'बाओ काप'ची गोष्ट काढतील, म्हणजे सगळं सरकारने पुरवायचं तो काळ. उत्तरेत तो आधीपासून होता. १९७५नंतर सगळ्या देशात आला आणि १९८६पर्यंत चालला. शिधापत्रिकेला 'सो गाओ' म्हणत, तांदळाची वही. सरकारी नोकराला महिन्याला १३ किलो, आणि त्यातही सगळा तांदूळ नाही. काही भाग कणकेचा, काही कसावाचा, काही 'बो बो'चा. बो बो म्हणजे मदत म्हणून आलेली ज्वारी. ज्या धान्यावर आपला अर्धा महाराष्ट्र वाढला, ते तिथे हलाखीचं प्रतीक ठरलं, याची गंमत वाटते. पण त्यांचंही बरोबर आहे. दळायची, भाकरी थापायची रीत नसताना न सडलेली ज्वारी अख्खी शिजवून खायची म्हणजे तासन् तास जाळ आणि नंतर पोटदुखी. दुकानापुढे पहाटेपासून रांग; माणूस दमला की आपल्या जागी वीट ठेवून जाई, आणि ती वीट रांगेत धरली जाई. मिळालेल्या तांदळाला कुबट वास, खडे, किडे. वही हरवली तर महिनाभर घर उपाशी. म्हणून आजही कुणी पडेल चेहऱ्याने बसला की म्हणतात, 'तांदळाची वही हरवल्यासारखं तोंड का केलंयस?' ज्यांनी ती वही कधी पाहिली नाही तीही मुलं म्हणतात.

त्या काळी घराघरांत तांदूळ मोजायला कंडेन्स्ड मिल्कचा रिकामा डबा असे. आपलं मापटं. डबा काठोकाठ भरायचा की बोटभर कमी, हा निर्णय रोज संध्याकाळी चुलीपाशी होत असे.

यातून सुटका बियाण्याने झाली की कायद्याने? मला विचाराल तर दोन्हींनी, पण कायद्याने जास्त. बियाणं आधीच आलं होतं. १९६०च्या दशकाअखेर दक्षिणेत पोचलेल्या आयआर-८ या भरघोस पिकणाऱ्या नव्या वाणाला लोक 'होंडा तांदूळ' म्हणत, कारण एका चांगल्या पिकात मोटारसायकल येई. १९७७च्या सुमारास तपकिरी तुडतुड्यांनी मेकाँगचं पीक फस्त केलं, तेव्हा कन थो विद्यापीठातले वो तोंग सुआन यांनी प्रतिकारक आयआर-३६चं बियाणं वाढवलं आणि वर्ग बंद ठेवून विद्यार्थ्यांना लावणी शिकवायला गावोगाव पाठवलं. पण सहकारी शेतीत घंटा वाजली की शेतात जायचं आणि केलेल्या कामाचे गुण मोजून धान्य घ्यायचं, यात कुणाचा जीव रमेना. उत्तरेतल्या विन फुक प्रांताचे कम्युनिस्ट पक्षसचिव किम न्गॉक यांनी १९६६मध्येच जमीन कुटुंबांना कसायला दिली होती. वरून दटावणी आली आणि प्रयोग थांबला. तीच कल्पना १९८१मध्ये अर्धीमुर्धी आणि एप्रिल १९८८च्या पक्षाच्या दहाव्या ठरावाने पुरती मान्य झाली. आदल्या वर्षापर्यंत धान्य आयात करणाऱ्या देशाने १९८९मध्ये जवळपास १४ लाख टन तांदूळ निर्यात केला.

त्यानंतर घरात वाद सुरू झाला तो प्रमाणाचा नाही, चवीचा. नाम दिनचा 'ताम' घ्यायचा की दक्षिणेतला सुवासिक 'नांग थम'? दक्षिणेतल्या सोक चांगचे कृषितज्ज्ञ हो क्वांग कुआ यांनी पंचवीसेक वर्षं खपून सिद्ध केलेल्या एसटी-२५ या वाणाला २०१९मध्ये मनिलात जगातला सर्वोत्तम तांदूळ म्हणून बक्षीस मिळालं, आणि त्याच नावाच्या नकली पिशव्यांनी बाजार भरून गेला. शहरांत माणशी भात कमी होत चाललाय, मांस आणि दूध वाढलंय. उरलेला भात सकाळी परतून खाण्याची सवय टिकून आहे. आपल्या फोडणीच्या भाताचाच तो भाऊ. ह्वे शहरात तर गार भातावर बारीक शिंपल्या घालून केलेला 'कम हेन' ही गावाची ओळख आहे.

चुलीवरचं पातेलं जाऊन विजेचा कुकर आला, आणि त्यात तळाशी काही लागत नाही. पण हनोईच्या दक्षिणेला निन बिनला गेलात तर दुकानांबाहेर खरपुडीच्या गोल चकत्या पिशव्यांतून टांगलेल्या दिसतील. मुद्दाम करपवलेल्या, वाळवलेल्या, तळलेल्या. बोकडाच्या मांसाच्या रश्श्याबरोबर खातात, आणि सहलीला आलेले लोक त्या घरच्यांसाठी भेट म्हणून घेऊन जातात.