राख, मोरीचं पाणी आणि परसातली भाजी

गडावरचा केर गडाखाली टाकायचा नाही. जागच्या जागी जाळायचा, त्याची राख परसात टाकायची आणि घरोघर होईल तेवढा भाजीपाला करायचा. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त, म्हणजे १७१५-१६च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या राजनीतीच्या ग्रंथात, गडाची निगा सांगताना ही सूचना येते. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत बसलेला माणूस तट, तोफा आणि पाण्याच्या टाक्यांबरोबर परसातल्या भाजीचीही आठवण ठेवतो, याचं मला फार अप्रूप वाटतं. घरची भाजी कशावर पिकते, हेही त्याने त्या ओळीत सांगून टाकलं आहे: घरातून जे बाहेर टाकायचं, त्याच्यावर.

परस म्हणजे घरामागची जागा. कोकणात तिला परडं म्हणतात, गोव्यात पोरसूं. शेतापेक्षा तिचा हिशेब वेगळा. शेताला बैल, मोट आणि पावसाची वाट. परसाला चुलीतली राख, गोठ्यातलं शेण आणि न्हाणीचं पाणी. मोरीचं पाणी जिथून बाहेर पडे तिथे अळू आणि कर्दळ, त्याच्या पुढे केळ. पाय सतत ओल्यात असलेली ही झाडं ते पाणी पिऊन टाकत, त्यामुळे घरामागे डबकंही साचत नसे. राख वांग्याच्या आणि घेवड्याच्या पानांवर भुरभुरली जाई, माव्याची कीड पडू नये म्हणून. खरकटं पाणी पडवळाच्या आळ्यात. या बागेसाठी वेगळं असं काही आणावं लागतच नसे.

बी राखण्याचं काम बायकांचं. माझ्या आजोळी मांडवावरचा एक दोडका आणि एक दुधी कुणी तोडायचा नाही, असं आजीनं बजावलेलं असे. ते वेलावरच वाळत, आत बी खुळखुळायला लागलं की उतरवले जात. लाल भोपळ्याचं बी ती ओल्या शेणाच्या गोळ्यात दाबून गोळा भिंतीवर थापायची. उन्हाळाभर तो तिथे, किडीला न सापडता. मृगाचा पाऊस झाला की गोळा न फोडता अख्खाच खड्ड्यात. बियांबरोबर पहिलं खतही मातीत जाई.

या परसात उगवत काय होतं, याचा इतिहास सरळ नाही. संत सावता माळी अरणचे, आजच्या सोलापूर जिल्ह्यातले, तेराव्या शतकातले. १२९५ साली त्यांनी समाधी घेतली. कांदा, मुळा, भाजी यांतच विठाबाई पाहणारा त्यांचा अभंग आपल्या सगळ्यांच्या ओठांवर आहे. त्याच अभंगात पुढे लसूण, कोथिंबीर यांच्याबरोबर मिरची येते. पण मिरची अमेरिका खंडातली. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ साली, पोर्तुगिजांनी गोवा घेतला १५१० साली, आणि मिरची आपल्याकडे आली ती त्यांच्या गलबतांतून, म्हणजे सावतोबांनंतर दोनशे वर्षांनी. काहींना ती मिरची म्हणजे काळी मिरी वाटेल. पण मिरवेलीला मलबारसारखी दमट हवा लागते. अरणच्या कोरड्या मळ्यात ती कुठून येणार? मला वाटतं, पिढ्यान्‌पिढ्या अभंग गाणाऱ्यांनी आपल्या वाफ्यात जे दिसलं ते त्यात आणून बसवलं. परकी मिरची दोन-तीनशे वर्षांत इतकी घरची झाली, की तिच्यावाचून विठ्ठलाचा मळा कुणाला पुरा वाटेना.

तिच्या मागोमाग बाकीचे आले. ‘बटाटा’ हा शब्दच पोर्तुगीज. रताळं, मका, पपई, लाल भोपळा, शेंगदाणा, टोमॅटो हे सगळे त्याच खंडातले. टोमॅटोला विदर्भात अजून कुणी ‘भेदरं’ म्हणतं. फ्लॉवर इंग्रजांबरोबर आला. त्याचं बी १८२२ साली सहारनपूरच्या कंपनी बागेत पहिल्यांदा लावलं गेलं, असं मानलं जातं. भेंडी मूळची आफ्रिकेची, पण इतकी जुनी पाहुणी की तिला परकी म्हणवत नाही. वांगं, कारलं, काकडी, पडवळ, दोडका, अळू, सुरण ही मात्र आपल्याच मातीतली किंवा शेजारची. गंमत अशी की चातुर्मासात आपण वर्ज्य करतो ते घरचं वांगं, आणि एकादशीला पानात वाढतो ते बटाटा, रताळं, शेंगदाणे.

कोणती भाजी कधी खायची, ही शिस्त मात्र नव्या-जुन्या सगळ्यांना सारखी लागू झाली, आणि ती शिकवली सणांनी. आषाढात कांदेनवमी झाली की कांदा-वांगं बंद. ते वांगं परत येतं मार्गशीर्षात चंपाषष्ठीला, भरीत-रोडग्याच्या रूपाने. तोवर थंडीतली कोवळी वांगी धरलेली असतात. पौषात भोगीला पावटा, हरभऱ्याचे सोलाणे, गाजर, वांगी, बोरं एकत्र शिजतात आणि सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. गोव्यात चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात, रानातल्या आणि पोरसातल्या फळा-भाज्यांची. खाली पानात खतखतें, म्हणजे मिश्र भाजी असते, तेफळाच्या वासाची.

सगळ्यांत बारकाईने पाहावी अशी आहे ऋषिपंचमी. भाद्रपद शुद्ध पंचमीला बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, असा दंडक. म्हणजे नांगरलेल्या शेतातलं धान्य बाद. उरतं ते हाताने खणून लावलेलं किंवा आपोआप उगवलेलं. थोडक्यात, परस. या व्रताची मूळ कथा विटाळाच्या कल्पनेला चिकटलेली आहे आणि ती मला मुळीच मान्य नाही. पण ताटाच्या या नियमानं वर्षातून एकदा तरी घरामागच्या चार हात जमिनीकडे बघायला लावलं, हेही खरं.

ऋषीच्या भाजीला फोडणी नसते. आधी जून आणि कडक ते पातेल्यात पडतं: सुरणाच्या फोडी, मक्याच्या कणसाचे तुकडे, माठाचे सोललेले जाड देठ, भिजवलेले शेंगदाणे. मग अळूचे देठ आणि चिरलेली पानं. त्यांची खाज मोडायला चिंचेचा कोळ. लाल भोपळा, पडवळ, दोडका, भेंडी शेवटी, कारण ती लवकर मऊ होतात. हिरवी मिरची, मीठ, ओलं खोबरं, झालं. भोपळा विरघळून रसाला दाटपणा येतो आणि प्रत्येक घासात वेगळं काहीतरी दाताखाली येतं. ऋषींच्या नावाच्या या भाजीत मका, भोपळा, शेंगदाणा आणि मिरची ही चार तरी अमेरिकेतली आहेत.

सरकारला परसबागेची आठवण होत गेली ती टंचाईत. दुसऱ्या महायुद्धात, १९४२-४३ला, ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम सुरू झाली. १९६५च्या अन्नटंचाईत लालबहादूर शास्त्रींनी लोकांना आठवड्यातलं एक जेवण सोडायला आणि मोकळ्या जागेत भाजी लावायला सांगितलं, आणि दिल्लीतल्या आपल्या बंगल्यातली हिरवळही नांगरली. मुंबईत लोकलच्या खिडकीतून रुळांकडेला पालक-माठाचे वाफे दिसत, ती जमीन रेल्वे याच ‘अधिक धान्य पिकवा’ नावाच्या योजनेखाली आपल्या कर्मचाऱ्यांना कसायला देत असे. तिथे नाल्याचं पाणी भाजीला घालतात, अशी तक्रार वारंवार होई. परसालाही सांडपाणीच होतं, पण ते एका घराचं, ओळखीचं.

परस गेला तो चाळी आणि फ्लॅटमुळे, हे उघडच आहे. पण जिथे अंगण शिल्लक होतं तिथेही तो गेला, याचं कारण मला मोरीत दिसतं. पाणी गटाराला जोडलं गेलं, चुलीच्या जागी गॅस आला तशी राख संपली, गोठा मोडला. केर घंटागाडीत जाऊ लागला. परसाचं खाणंच तुटलं. त्यात संकरित बियाण्याची पाकिटं आली, आणि त्या झाडांचं बी राखून पुढच्या वर्षी तसंच पीक येत नाही.

परत जोडणाऱ्यांनी सुरुवात केली ती केरापासूनच. शेतीचे प्रयोग करणाऱ्या श्री. अ. दाभोळकरांच्या ‘प्रयोग परिवारा’ने पालापाचोळा कुजवून घरच्या घरी सकस माती करण्याचा ध्यास घेतला. मुंबई पोर्ट ट्रस्टमध्ये प्रीती पाटील यांनी २००२ पासून कॅन्टीनच्या ओल्या कचऱ्यावर गच्चीत बाग उभी केली. आणि अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी बियाण्याचा तुटलेला धागा धरला; वाल-घेवड्यापासून भातापर्यंतची गावरान बियाणी जपली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

माझ्याकडे आता दुसऱ्या मजल्यावरची गॅलरी आहे. ज्येष्ठात एका जुन्या बादलीत अळूचे दोन कंद पुरते आणि डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी रोज तिथे ओतते. माठाचं बी श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात टाकलं की महिन्याभरात कोवळी जुडी निघते, पंचमीच्या बेताला.